फँटसी बेसबॉल ड्राफ्टची पहिली फेरी : कोण कितव्या नंबरवर जाणार? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या फँटसी लीगमध्ये (खरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे आणि मैदानातल्या त्यांच्या आकड्यांवर गुण मोजायचे) ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या, आदल्या रात्री एक पैज असते. पहिल्या फेरीतली बाराही नावं क्रमाने लिहून कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) पाठवायची, ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा निघेल त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं. हे कळल्यापासून न्यू जर्सीवाले, बे एरियावाले आणि पुण्यात बसून अमेरिकेतल्या चुलतभावाच्या लीगमध्ये खेळणारे असे सगळेच प्रश्न पाठवत असतात, आणि तेच ते प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं मुद्दाम २०२४ आणि २०२५ ची घेतलीयत, कारण तिथे पुढे काय झालं ते आपल्याला माहितीये.

१. मी क्रिकेटवालं फँटसी खेळलोय. हे तसंच का? आणि पहिली फेरी म्हणजे नक्की काय?

तसं नाही. क्रिकेटच्या ॲपवर एकच स्टार बॅटर तुमच्याही टीममध्ये असतो आणि माझ्याही. इथे एक खेळाडू एकाच मालकाचा. बारा जणांची लीग धरा (दहाची किंवा पंधराचीही असते), आळीपाळीने प्रत्येकाने एकेक नाव उचलायचं (याला पिक म्हणतात), बारा जणांचं उचलून झालं की पहिली फेरी संपली. दुसरी फेरी उलट्या क्रमाने, याला स्नेक म्हणतात. म्हणजे पहिल्या नंबरवाल्याला एकदा उचलल्यावर थेट चोविसावा आणि पंचविसावा पिक, आणि बाराव्याला बारा-तेरा लागोपाठ. मग सीझनभर, म्हणजे प्रत्येक टीमच्या १६२ मॅचेस, तोच संघ सांभाळायचा. हा प्रकार १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या दोस्तांनी सुरू केला, ज्या हॉटेलात ते भेटायचे त्याच्या नावावरून रोटिसरी हे नाव पडलं आणि त्याचं छोटं रूप रोटो.

२. पाच-बाय-पाच, पाच-बाय-पाच सगळे म्हणतात. ते काय असतं?

ही रोटोची गुण मोजायची पद्धत. बॅटरचे पाच कॉलम: रन, होम रन (बॉल थेट मैदानाबाहेर), आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), स्टील (फटका नसताना पळून पुढचा बेस, म्हणजे थांबा, गाठणं), बॅटिंग ॲव्हरेज (किती वेळा हिट बसला त्याचं प्रमाण). पिचरचे (बॉल टाकणाऱ्याचे) पाच: विन (त्याच्या नावावर लागलेला विजय), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेले रन), व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक, वॉक म्हणजे चार वाईट बॉलवर मिळणारा फुकट बेस). शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. प्रत्येक कॉलममध्ये लीगमधल्या टीम्सची क्रमवारी लागते आणि त्या क्रमाचे गुण मिळतात. पहिल्या फेरीसाठी एवढंच लक्षात ठेवा, की जो बॅटर पाचही कॉलम भरतो त्याला सगळे हपापलेले असतात, आणि होम रन आणि स्टील हे दोन्ही भरणारा फार दुर्मीळ. २०२४ चा बॉबी विट बघा: ३२ होम रन, ३१ स्टील, १०९ आरबीआय, १२५ रन, ॲव्हरेज .३३२. एकही कॉलम रिकामा नाही. असा माणूस पुढच्या वर्षी चौथ्या-पाचव्या नंबरपर्यंत उरतच नाही.

३. म्हणजे यंदा सगळ्यात भारी कोण खेळेल ते ओळखायचं, बरोबर?

नाही! निम्मे लोक इथेच चुकतात. तुम्हाला सीझनचा अंदाज लावायचा नाहीये, ड्राफ्टच्या खोलीत बसलेल्या बाकीच्या अकरा जणांचा लावायचाय. खेळाडू मैदानात काय करेल हा वेगळा प्रश्न आणि त्याला कोण कितव्या नंबरवर उचलेल हा वेगळा.

२०२४ चा रोनाल्ड अकुन्या घ्या. आदल्या वर्षी ४१ होम रन आणि ७३ स्टील, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ड्राफ्टमध्ये पहिलं नाव त्याचंच. मग मे महिन्यात गुडघा गेला आणि ४९ मॅचेसवर सीझन संपला. ज्याने त्याला पहिल्या नंबरवर उचललं त्याचं वाटोळं झालं, पण ज्याने आमच्या पैजेत पहिल्या रकान्यात अकुन्या लिहिलं होतं त्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर. उलट बाजूने २०२५ चा कॅल रॅली, सिॲटलचा कॅचर, त्याने ६० होम रन मारले, पण मार्चमध्ये, ड्राफ्टच्या वेळी, त्याचं नाव पहिल्या फेरीत लिहिणारा भविष्यवेत्ता ठरला असता आणि पैज मात्र हरला असता.

४. एडीपी बघून लिहिलं की झालं ना?

एडीपी म्हणजे हजारो ड्राफ्टमध्ये तो खेळाडू सरासरी कितव्या नंबरवर गेला तो आकडा. सुरुवात तिथूनच करायची, पण त्यात तीन गोची आहेत.

पहिली, कुणाचा एडीपी. एनएफबीसी नावाची मोठ्या फीची स्पर्धा आहे, तिथे पंधरा-पंधराच्या लीग, ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) बंद, आणि सगळ्या लीग मिळून एक मोठं बक्षीस, त्यामुळे तिथले लोक स्टील आणि एक नंबरचे पिचर लवकर उचलतात कारण नंतर ट्रेड करून मिळणार नसतात. घरगुती लीगमध्ये असली घाई कमी असते. घरच्या लीगसाठी तुम्ही ज्या साइटवर ड्राफ्ट करणार त्याच साइटचा एडीपी बघा.

दुसरी, कधीचा एडीपी. ही गोची लोकांच्या लक्षातच येत नाही. २०२२ मध्ये लॉकआउट (टीमच्या मालकांनी पुकारलेली कामबंदी) होता, टीमला खेळाडूशी बोलायचीही परवानगी नव्हती, आणि मार्चमध्ये लॉकआउट उठल्यावर कळलं की फर्नांडो टाटिसचं मनगट मोडलंय. तोवर झालेल्या ड्राफ्टमध्ये तो अगदी वरच गेलेला. आता समजा शंभर ड्राफ्ट आहेत, सत्तरमध्ये असा खेळाडू बातमीआधी तिसऱ्या नंबरवर गेला आणि तीसमध्ये बातमीनंतर साठाव्या नंबरवर. सरासरी येते २०.१. पण विसाव्या नंबरवर त्याला कुणीच उचललेलं नाही! म्हणून शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांचा एडीपी वेगळा काढून बघायचा, बहुतेक ठिकाणी तारीख निवडता येते.

तिसरी, सरासरीच्या जोडीला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नंबरही बघा. ज्याचा वरचा १ आणि खालचा ४ तो पक्का, ज्याचा वरचा ५ आणि खालचा २६ तो माणसामाणसावर अवलंबून, आणि तिथे प्र. १० कामाला येतो.

५. बारापैकी किती नावं अगदी पक्की असतात?

मी तीन कप्पे करतो. २०२५ चं सांगतो. वरच्या कप्प्यात शोहेई ओहतानी, ॲरन जज, बॉबी विट. हे तिघे पहिल्या तीनात, क्रम फक्त मालकाच्या आवडीचा. मधल्या कप्प्यात होसे रामिरेझ, एली दे ला क्रूझ, हुआन सोटो, काइल टकर, ही मंडळी फेरीत नक्की पण नंबर दोन-तीनने हलणार. खालच्या कप्प्यात फर्नांडो टाटिस, कॉर्बिन कॅरल, गनर हेंडरसन, मूकी बेट्स, शिवाय पॉल स्कीन्स आणि तारिक स्कूबल हे दोन पिचर, आणि अजून एक-दोघे. खालच्या कप्प्यात जागांपेक्षा नावं जास्त. पैज इथेच जिंकली किंवा हरली जाते, वरच्या तिघांवर डोकं खाजवण्यात रात्र घालवू नका.

६. पिचर पहिल्या फेरीत लिहू का नको?

एक लिहा, दुसरा विचार करून लिहा. बारा जणांत एखादा तरी असतोच ज्याला नंबर एकचा पिचर हवाच असतो आणि तो बहुधा फेरीच्या शेवटी बसलेला असतो, कारण लागोपाठ दोन पिक असले की एक बॅटर एक पिचर अशी जोडी घेता येते.

घाबरणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट काढले, २०२४ ला तो सगळ्यात आधी जाणारा पिचर, आणि दोन मॅच टाकून कोपराच्या ऑपरेशनला गेला. आणि पिचर ठणठणीत राहिला तरी विन त्याच्या हातात नसतात: स्कीन्सने २०२५ मध्ये १.९७ ईआरए ठेवला, साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचा) घेतला, आणि विन किती? दहा. हरला पण दहा, कारण पिट्सबर्गचे बॅटर रन करतच नव्हते. स्कूबलने २०२४ मध्ये १८ विन, २.३९ ईआरए आणि २२८ स्ट्राइकआउट असं तिन्हीत अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) पहिला येऊन दाखवलं, आणि असं वर्ष ताजं असलं की पुढच्या मार्चमध्ये लोकांचा धीर वाढतो. म्हणजे अंदाज लावताना पिचरच्या कोपराचा विचार करू नका, लोकांना मागचं वर्ष किती आठवतंय त्याचा करा.

७. ओहतानी एक खेळाडू धरायचा का दोन?

ते साइटवर अवलंबून. तो बॅटिंगही करतो आणि पिचिंगही. याहूने २०१८ मध्ये तो आला तेव्हाच त्याचे दोन तुकडे केले, बॅटर ओहतानी आणि पिचर ओहतानी, दोन वेगळे मालक घेऊ शकतात असे. इतर काही ठिकाणी तो एकच. एकच असेल आणि लाइनअप (आपल्या संघातून कोण खेळणार ती यादी) रोज बदलता येत असेल तर पिच टाकेल त्या दिवशी पिचर, बाकी दिवशी बॅटर, मग पहिला नंबर त्याचाच समजा. आठवड्यातून एकदाच लाइनअप लावायची लीग असेल तर एका आठवड्यात एकच रूप निवडावं लागतं, तिथे फायदा कमी. २०२४ मध्ये कोपरामुळे तो पिच टाकणारच नव्हता तरी ५४ होम रन आणि ५९ स्टील केले, त्यामुळे नुसता बॅटर म्हणूनही त्याला तिसऱ्याच्या खाली लिहायची माझी तरी छाती नाही. लीगची सेटिंग कशी आहे ते कमिशनरला आधीच विचारा, ड्राफ्टच्या खोलीत विचाराल तर सगळ्यांना कळेल तुमच्या डोक्यात काय चाललंय.

८. आमचा दादा म्हणतो स्टीलवाले आता स्वस्त झालेत, मग ते वर का जातायत?

दादाचं अर्धं बरोबर. २०२३ मध्ये नियम बदलले: बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिच क्लॉक (ठरावीक सेकंदांत बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आलं, आणि पिचरने रनरला धरायला बेसवर बॉल फेकायचे प्रयत्न मर्यादित झाले. २०२२ ला सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील होते, २०२३ ला ३,५०३. म्हणजे दहा-पंधरा स्टील आता कुणीही आणून देतो, ते खरंच स्वस्त झाले. पण त्यामुळे कॉलम जिंकायला लागणारा आकडाही चढला, आणि चाळीस-पन्नास स्टीलसोबत होम रनही देणारा माणूस अजून सोन्याच्या भावाने जातो. एली दे ला क्रूझ २०२४: ६७ स्टील, २५ होम रन. म्हणून तो २०२५ ला इतक्या वर.

आणि स्टीलचा अंदाज लावण्यात सगळेच तोंडावर आपटतात हेही सांगून ठेवतो. हुआन सोटोने २०२४ ला ७ स्टील केले आणि २०२५ ला ३८. कुठल्याच एडीपीत ते नव्हते.

९. आमची लीग पॉइंट्सची आहे. तुमची यादी चालेल का?

नाही चालणार, आणि सगळ्यात मोठी उलथापालथ इथेच होते, कारण इथे कॉलमची क्रमवारी नाही, प्रत्येक गोष्टीचे थेट पॉइंट मिळतात. ईएसपीएनच्या नेहमीच्या पॉइंट्समध्ये बॅटर स्ट्राइकआउट झाला की एक पॉइंट वजा, आणि एक स्टीलचा एकच पॉइंट. आता मांडा हिशोब: एली २०२४ मध्ये २१८ वेळा स्ट्राइकआउट झाला, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे २१८ गेले आणि ६७ स्टीलचे ६७ आले. रोटोमधला हिरा इथे कर्जात. होसे रामिरेझ मात्र वर्षाला शंभरच्याही खाली स्ट्राइकआउट होतो, तो वर सरकतो. वॉकचाही पॉइंट मिळत असल्याने सोटो आणि जज अजून पक्के होतात. पिचरला टाकलेल्या इनिंगचे पॉइंट असले की स्कूबलसारखा माणूस पहिल्या पाचात गेला तरी तोंडात बोटं घालू नका.

ओबीपीवाल्या लीगचं (ॲव्हरेजच्या जागी ओबीपी, म्हणजे हिट, वॉक वगैरे धरून बॅटर किती वेळा बेसवर पोचतो त्याचं प्रमाण) असंच पण सौम्य: सोटो वर, बाकी फार हलत नाही.

१०. आकडे सगळ्यांकडे सारखेच, मग एकाचा अंदाज बरोबर आणि दुसऱ्याचा चूक का?

कारण आकडे नाही, माणसं उचलतात. आमच्या पैजेत जो सारखा जिंकतो त्याला ईआरए कसा काढतात ते अजून नीट सांगता येत नाही, पण कोण कुणाला उचलणार ते तो चहा पिता पिता सांगतो.

मागच्या काही वर्षांचे ड्राफ्ट साइटवर जपलेले असतात, ते उघडा आणि एकेका मालकाची पहिली फेरी एका ओळीत लिहा. काय दिसेल सांगतो. एक जण पहिल्या फेरीत कधीच पिचर घेत नाही. एक जण ज्याने त्याला आदल्या वर्षी बुडवलं त्या खेळाडूच्या वाऱ्याला उभा राहत नाही. एक जण यँकीजचा (जजच्या टीमचा) भक्त, जज उरला असेल तर दुसरं नाव बघणारच नाही, आणि त्याच्याच ऑफिसातला बॉस्टनवाला (यँकीजची जुनी वैरी टीम) जजला हात लावण्यापेक्षा बोट कापून घेईल. एक जण ज्याने मागचा सीझन जिंकला, तो त्याच खेळाडूला परत घेणार, नंबर कितवाही असो. आणि एक मेटाकुटीला आलेला बाप असतो, ज्याच्या वतीने त्याची दहावीतली मुलगी पिक सांगते आणि तिला टाटिस आवडतो.

आता ड्राफ्टचा क्रम समोर ठेवा आणि या सवयी त्या क्रमावर बसवा. खालच्या कप्प्यातली (प्र. ५) अर्धी नावं आपोआप जागेवर पडतात.

एक सूचना: ड्राफ्टच्या आधी आठवडाभर जो एखाद्या खेळाडूला ग्रुपवर सारखा नावं ठेवत असतो, त्याला बहुतेक तोच हवा असतो.

११. आमच्यातला एक जण ड्राफ्टला येतच नाही. त्याच्या पिकचं काय लिहू?

सगळ्यात सोपा पिक! तो नसला की ऑटोपिक चालतो आणि साइटच्या स्वतःच्या रँकिंगमध्ये जे नाव वर उरलेलं असेल ते उचललं जातं. लक्षात घ्या, रँकिंग, एडीपी नव्हे, दोन्ही वेगळे. फक्त त्याने आपली यादी आधी भरून ठेवली असेल तर ती चालते, म्हणून पठ्ठ्या खरंच आळशी आहे का नुसता आव आणतोय ते बघा.

१२. मॉक (सरावाचा) ड्राफ्ट करून काही कळतं का?

पहिल्या फेरीपुरतं कळतं. दहाव्या फेरीपर्यंत लोक उठून गेलेले असतात आणि सगळं ऑटोपिकवर असतं, पण पहिल्या फेरीत सगळे हजर आणि उत्साहात. तुमच्याच नंबरवरून दोन-चार करून बघा.

१३. मार्चमध्ये कुणाला दुखापत झाली की नाव काढून टाकायचं का?

किती दिवस बाहेर त्यावर. २०२५ च्या मार्चमध्ये गनर हेंडरसनला बरगडीपाशी स्नायूची दुखापत झाली, पहिल्या दिवशी तो खेळणार नाही हे कळलं, तरी लोकांनी त्याला फेकून दिलं नाही, थोडा खाली घसरला इतकंच. त्याच महिन्यात मूकी बेट्स टोकियोला गेला आणि पोटाच्या आजाराने इतका वाळला की तिथल्या दोन्ही मॅचेस खेळलाच नाही, आणि काय झालंय ते कुणालाच नीट कळेना म्हणून लोक हेंडरसनपेक्षा त्यालाच जास्त बिचकले. माझा आडाखा असा, की तारीख माहीत असलेली दुखापत लोक पचवतात, तारीख नसलेली नाही.

वर्ल्ड बेसबॉल क्लासिक (देशादेशांच्या संघांची स्पर्धा) असेल त्या मार्चमध्ये जास्तच डोळे उघडे ठेवा. २०२३ ला होसे अल्टूवेचा अंगठा तिथेच बॉल लागून मोडला आणि तो मेच्या मध्यापर्यंत घरी. यादी पाठवायच्या आधी एक तास बातम्या बघा, त्याच्या आधी पाठवू नका.

१४. कीपर लीगमध्ये पहिली फेरी कशी ओळखायची?

कीपर म्हणजे मागच्या वर्षीच्या संघातून ठेवता येणारे खेळाडू. आधी ठेवलेले खेळाडू यादीतून काढा, मग उरलेल्यांचा एडीपी नव्याने लावा. पण फसवणूक इथे आहे: ज्याने दोन आउटफिल्डर ठेवलेत तो पहिल्या फेरीत बहुधा इनफिल्डर किंवा पिचर शोधेल. मोकळ्या ड्राफ्टमध्ये पोझिशनला पहिल्या फेरीत फारशी किंमत नसते, कीपरमध्ये असते. शिवाय काही लीगमध्ये ठेवलेला खेळाडू म्हणजे तेवढ्या फेरीचा पिक गेला, मग पहिल्या फेरीत बाराऐवजी आठच नावं नवी. किती रकाने भरायचे ते आधी ठरवून घ्या, नाहीतर निकालाच्या दिवशी भांडणं.

१५. ऑक्शन लीगमध्ये?

तिथे पहिली फेरीच नसते. पैज लावायचीच तर सगळ्यात महाग बारा नावं ओळखा.

१६. मी पुण्यात, लीग अमेरिकेत. ड्राफ्ट कधी पडतो?

न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात, त्याच्या आधी ड्राफ्ट असेल तर साडेसहा. अलार्म लावा, नाहीतर प्र. ११ मधला माणूस तुम्हीच. आणि लीगला पैशांची फी असेल तर भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आलीये, तुम्ही आपले बिनपैशाच्या लीगमध्ये खेळा.

१७. माझा नंबर सातवा आलाय. या अंदाजाचा मला स्वतःला काय उपयोग?

खूप. आधीच्या सहा जणांची नावं लिहिली की सातव्याला उरणारी दोन-तीन नावंच डोक्यात ठेवायची, नव्वद सेकंदांच्या घड्याळात घाम फुटत नाही. आणि स्नेक असल्याने तुमचा पुढचा पिक अठरावा. मधे दहा पिक जातात, आठ ते सतरा. त्या दहांत किती पिचर जातील याचा अंदाज असला की आता बॅटर घेऊन पिचरसाठी थांबायचं का ते कळतं. काही लीगमध्ये तिसरी फेरीही दुसऱ्यासारखीच उलटी चालते, मग शेवटच्या नंबरवाल्यांची चंगळ, ते नियमात बघून घ्या.

१८. पैजेचे मार्क कसे द्यायचे? आमच्यात दरवर्षी यावरून वाजतं.

बरोबर जागेला एक मार्क, चुकीला शून्य अशी पद्धत अजिबात ठेवू नका. समजा तुम्ही स्कूबलला दहावा लिहिला आणि कुणीतरी त्याला चौथ्यावरच उचललं. तुमची चौथी ते नववी सगळी नावं एकेक घर खाली सरकली, क्रम अगदी बरोबर, तरी सातही रकान्यांत शून्य. त्यापेक्षा अंतर मोजा: लिहिलेला नंबर आणि खरा नंबर यांच्यातला फरक, सगळ्यांची बेरीज, कमीत कमी बेरीजवाला जिंकला. याच उदाहरणात सहा नावांचा एकेक आणि स्कूबलचे सहा, एकूण बारा. चूक एक झाली, शिक्षाही एकाच चुकीची.

लिहिलेलं नाव फेरीत गेलंच नाही तर त्याचा खरा नंबर तेरा धरा, मग तो प्रत्यक्षात चौदावा गेला असो की चाळिसावा. बरोबरी झाली तर प्रत्येकाकडून आधीच एक जादा ओळ लिहून घ्यायची, दुसऱ्या फेरीचा पहिला पिक कोण. तो पिक बाराव्या नंबरवाल्याचाच असतो, म्हणून त्याला या ओळीतून बाद करायचं, नाहीतर तो लिहिलेलंच नाव उचलतो आणि वर हसतो.